दुःखाची कारणे सांगण्याची घाई

मराठी ख्रिस्ती घरात मृत्यू झाला की संध्याकाळी मंडळी जमते. दोन गीते होतात, वचन वाचले जाते, पाळक चार शब्द बोलतात. घरच्यांना त्याचा खरोखर आधार वाटतो. निदान त्या रात्रीच्या जेवणाची काळजी शेजारच्या बाया परस्पर मिटवतात. पण निघता निघता बाहेरच्या खोलीत कोणीतरी सांगतेच, की देव आपल्या माणसांचीच परीक्षा पाहतो. हेच वाक्य नोकरी गेलेल्याला ऐकवले जाते, कर्करोगाच्या रोग्याला ऐकवले जाते आणि नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी परतलेल्या मुलीलाही ऐकवले जाते.

सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसते. तरी या दुःखांची कारणे वेगळी आणि त्यांतून निघण्याच्या वाटाही वेगळ्या. श्रद्धेच्या नावाखाली हा भेद पुसून टाकू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते ऐकून कोणाला ख्रिस्ती शिकवणुकीशी फारकत घेतल्यासारखे वाटले, तर त्याने बायबल पुन्हा उघडून पाहावे.

ईयोबाची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते, पण ती बहुधा पहिल्या दोन आणि शेवटच्या अध्यायाचीच: सगळे गेले, त्याने सोसले, सगळे दुपटीने परत मिळाले. पुस्तक मात्र ४२ अध्यायांचे आहे आणि मधला सगळा भाग वादावादीचा आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र भेटायला येतात, सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. तिथवर त्यांचे वागणे आदर्श. मग ते बोलू लागतात. दुःख आले त्या अर्थी पाप घडले असणार, देव अन्यायी असूच शकत नाही, तू कबूल हो म्हणजे सुटशील, हे त्यांचे पालुपद. ईयोब ऐकत नाही. तो चिडतो, जन्माला आल्याचा दिवस शापतो, देवालाच जाब विचारतो. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या तिघांवर. ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, तुम्ही नाही, अशा अर्थाचा निवाडा तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. आपल्याकडच्या सांत्वनसभांमध्ये हा निवाडा क्वचितच ऐकू येतो.

नव्या करारातही तेच. शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न येशूने स्वतःच उपस्थित केला आणि नाही म्हणून उत्तरही दिले. जन्मांध माणसाला पाहून हे कोणाच्या पापाचे फळ, असे शिष्यांनी विचारले, तेव्हाही त्याने तो हिशेब साफ नाकारला. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, तो कोणता होता तेही कळत नाही. क्रुसावरच्या येशूच्या तोंडी २२ व्या स्तोत्राची सुरुवात आहे आणि ती सुरुवात म्हणजे एक प्रश्न आहे. त्या प्रश्नाला वधस्तंभाजवळ कोणी उत्तर देत नाही. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी अशीच तक्रारीची आहेत. ज्या ग्रंथात तक्रारीला एवढी जागा आहे, त्याचे वाचक मात्र रडणाऱ्याला ‘विश्वासात कमी पडू नका’ म्हणून गप्प करतात, हे नवल आहे.

तत्त्वाची चर्चा एवढी पुरे. संकटांचे प्रकार आणि त्यांना दिलेली वेगवेगळी उत्तरे एकाच आयुष्यात पाहायची असतील, तर पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे वळावे.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात रमाबाईंचे डोंगरे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे फिरत होते. वडील अनंतशास्त्री विद्वान आणि कर्मठ. असलेले द्रव्य त्यांनी दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपवले. मग भांडी विकली, मग रानातला पाला खाल्ला. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. महत्प्रयासाने दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. स्मशान काही मैलांवर. रमाबाई उंचीने लहान, खांदा पुरेना, म्हणून आपल्या बाजूची तिरडी त्यांनी डोक्यावर घेतली. पुढे भाऊबहीण हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीतून वाचण्यासाठी त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांत रात्र काढली. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले आणि १८८२ च्या आरंभी पटकीने तेही गेले. पदरात मुलगी मनोरमा, वर्षाचीही झाली नव्हती.

हे सगळे त्यांच्या ख्रिस्ती होण्याआधीचे आहे. तेव्हा रमाबाईंना संकटाने बळ दिले आणि श्रद्धेने ते पेलले, असा सरळ धागा काढता येत नाही. उलट पालकांच्या श्रद्धेला फळ न आलेले पाहूनच त्या जुन्या धर्मविधींपासून दूर गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर संकटे थांबली, असेही झाले नाही. त्या गेल्या होत्या वैद्यकी शिकायला. कानांनी दगा दिल्यामुळे तो बेत सोडावा लागला. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी बाप्तिस्म्याच्या थोडेच दिवस आधी आत्महत्या केली होती. बाप्तिस्मा हा काही संकटांविरुद्धचा विमा नव्हता आणि रमाबाईंनी तो तसा कधी मिरवला नाही.

बदल झाला तो दुसऱ्याच ठिकाणी. १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या अन्नछावण्यांत तरुण मुलींची काय अवस्था होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्या शेकडो मुली-विधवांना घेऊन परतल्या. वीसेक वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर त्या स्वतः होत्या. पुण्यात प्लेग, एवढ्या मुलींना शहरात ठेवण्याची परवानगी नाही. म्हणून केडगावला घेतलेल्या शेतात आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, मग १८९८ मध्ये ‘मुक्ती’ आश्रम. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शाळा, माग, तेलाची घाणी, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. दुष्काळ का पडतो, यावर रमाबाईंनी केडगावात प्रवचने दिली असतील-नसतील. त्यांनी छपरे घातली आणि हाताला काम दिले.

त्याच काळातली दुसरी गोष्ट भाविकांच्या तोंडी फारशी येत नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात नेलेल्या त्यांच्या संस्थेतल्या एका मुलीचे जे झाले, त्याबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सरकारविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचले आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांना खुलासा करावा लागला. दुष्काळापुढे त्यांनी कमरेला पदर खोचला. माणसांच्या बेपर्वाईतून आलेल्या दुःखापुढे त्यांनी लेखणी उचलली. तिथे त्यांनी ‘प्रभूची इच्छा’ म्हणून मान तुकवली नाही.

रमाबाईंचे कौतुक करताना १८९३ चा वाद झाकून ठेवणे योग्य नव्हे. ‘मुक्ती’आधीची त्यांची संस्था, शारदा सदन, धर्मनिरपेक्ष राहील असे आश्वासन होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. या टीकेत पुणेरी कर्मठपणा होता, पण सगळीच टीका कर्मठपणाची नव्हती. भुकेने गांजलेल्या मुलीच्या धर्मविषयक संमतीला किती अर्थ असतो, हा प्रश्न ‘मुक्ती’लाही लागू पडतो आणि ख्रिस्ती सेवाभावी संस्थांनी तो आजही स्वतःला विचारत राहिले पाहिजे. आमच्या मते रमाबाईंच्या कामाचे मोल या प्रश्नाने कमी होत नाही, मात्र प्रश्नही कामाच्या मोलाने सुटत नाही.

रमाबाईंवरचे शेवटचे संकट सगळ्यांत खासगी. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच आधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. खेड्यातल्या, थोडेसे वाचता येणाऱ्या बाईला ते कळावे, हा उद्देश. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये त्यांच्याच छापखान्यातून बाहेर पडला. मुलीच्या मृत्यूला त्यांनी काही ‘उत्तर’ शोधले, असे त्यांच्या चरित्रातून दिसत नाही. काही दुःखांना उत्तर नसते, रोजचे काम असते.

सगळ्यांनी रमाबाईंच्याच गांभीर्याने सोसावे असेही नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार काही वर्षे उसवला. लहान मुलाला घेऊन त्या नातेवाइकांच्या आसऱ्याने राहिल्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्या हालांपेक्षा त्यांचे हसणे जास्त लक्षात राहते. देवाधर्माच्या आणि टिळकांच्याही लहरींवर त्या खुशाल हसतात. विनोद हीदेखील श्रद्धेची एक रीत असू शकते, हे आपल्या व्यासपीठांना अजून पुरते उमगलेले नाही.

आजाराचा प्रकार वेगळा आणि तिथेच सध्या सर्वांत जास्त घोटाळा आहे. रोग्यासाठी प्रार्थना करणे ही ख्रिस्ती मंडळीची जुनी, चांगली चाल आहे. पण गोळ्या बंद केल्याशिवाय विश्वास सिद्ध होत नाही, असे सांगणारा प्रचारक भेटला तर त्याला घराबाहेरचा रस्ता दाखवावा. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती परंपरेचा अशा शिकवणीला आधार नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उभारले ते शस्त्रक्रिया करण्यासाठी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. लोकांनी औषधांच्या आधी पाणी आणि अन्न मागितले. या दोघांनी ते मागणे गंभीरपणे घेतले आणि गावातल्या, बहुधा अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बालमृत्यू ही देवाची इच्छा समजून जामखेडच्या बाया बसल्या असत्या, तर ते काम झालेच नसते.

माणसांनी निर्माण केलेली संकटे हा सर्वांत अवघड भाग. मराठवाड्यात आणि नगर जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळी मोठ्या प्रमाणात पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजांतून आलेली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन आयोग या प्रश्नासाठी नेमला गेला. दरम्यान कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी कुतरओढ चालू राहते. अशा घरातल्या मुलाला फी भरता येत नाही, तेव्हा त्याला ईयोबाची सहनशीलता सांगण्यात हशील नाही. त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारा, तहसील कचेरीत बरोबर येणारा माणूस हवा असतो. माराला कंटाळून आलेल्या मुलीलाही वचनाआधी सुरक्षित जागा आणि वकील लागतो. ‘क्रूस वाहा’ असे तिला सांगणाऱ्याने आधी तो क्रूस तिच्या खांद्यावर कोणी ठेवला ते विचारावे.

आणि हे सगळे सरकारवर ढकलून चालणार नाही. बाप्तिस्मा घेऊन तीन-चार पिढ्या झाल्या तरी लग्न जुळवताना जुनी जात विचारली जाते, कुठल्या मंडळीत कोण पुढारी व्हावे हेही त्यावरून ठरते. उपासनेत शेजारी बसणाऱ्याला सोयरीक नाकारणारे आपलेच लोक आहेत. हे संकट बाहेरून आलेले नाही आणि ते दूर करायला कुठल्या आयोगाच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. येत्या वार्षिक सभेत कोणीतरी हा विषय मांडण्याचा अवकाश आहे.