चार इंचांचे चार मिलिमीटर

खोक्यावर छापलेली गाडी बनवायचीच नाही, असं ठरवून प्लॅस्टिकच्या छोट्या गाडीचं किट विकत घेणारी एक जमात आहे. मी त्यातलाच. पैसे मोजून आणलेल्या अखंड गाडीला करवत लावताना पाहून घरचे कपाळाला हात लावतात. पण ही खोड किटवाल्यांनीच लावली. १९५८ साली अमेरिकेतल्या एएमटी कंपनीनं ‘थ्री इन वन’ किटं काढली. एका खोक्यात तीन पर्याय: कारखान्यातून निघते तशी गाडी, कस्टम म्हणजे हौसेनं रूप पालटलेली गाडी किंवा शर्यतीची. उरलेले भाग डब्यात जातात आणि भलत्याच गाडीवर जाऊन बसतात.

कस्टम म्हटलं की मला मर्क्युरी दिसते. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात बॅरिस बंधूंनी बॉब हिरोहाताच्या १९५१च्या मर्क्युरीचं छत कापून खाली उतरवलं, दारांमागचे पिलर काढून टाकले आणि हिरव्याच्या दोन छटा चढवल्या. ती गाडी पाहिल्यावर मूळची मर्क्युरी टोपी घातलेली वाटते. १९४९च्या मर्क्युरीचं एएमटीचं १:२५ प्रमाणातलं किट मिळतं. बॉडी जवळपास तीच.

छत चार इंच उतरवायचं म्हणजे किटवर चार मिलिमीटर. हिशेब इतका सोपा, की माणूस फसतो. पिलर तिरके असतात. त्यांतला चार मिलिमीटरचा तुकडा काढून छत सरळ खाली टेकवलं, की पुढच्या पिलरची वरची टोकं खालच्या टोकांच्या मागे पडतात आणि मागची पुढे येतात. छत दोन्हीकडून आखूड! मग एक तर पिलर वाकवून जुळवायचे, नाहीतर छतच मधोमध आडवं कापून, फटीत प्लॅस्टिकची पट्टी बसवून लांब करायचं. मी दुसऱ्या पक्षाचा. वाकवलेल्या पिलरनं काचेचा डौल बिघडतो. किटचा गोंद प्लॅस्टिक विरघळवून सांधतो, त्यामुळे जोड पक्का होतो; पण वाळायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर लांबी भरून घासल्यावरही रेघ पुन्हा वर येते. करड्या प्रायमरचा हात दिला की राहिलेला प्रत्येक ओरखडा दिसतो. किटमधली काच अर्थातच आता बसत नाही. पारदर्शक पातळ प्लॅस्टिकची नवी कापायची.

लोक म्हणतात, याला चिकाटी लागते. चिकाटी काय, घासत बसणाऱ्या कोणालाही येते. खरी लागते ती नजर, कारण मोजपट्टी रंगाशी येऊन थांबते. खऱ्या गाडीवरचा रंग साधारण ०.१ मिलिमीटर जाड. तेवढाच थर किटवर बसला, तर खऱ्या मापात तो अडीच मिलिमीटरचा लेप झाला! दारांच्या फटी बुजतात. म्हणून त्या आधीच पात्याच्या पाठीनं खोल कोरायच्या आणि रंग पातळ हातांनी चढवायचा. गॅरेजमधला मेटॅलिक रंग तर नकोच. त्यातली चमकी या मापात टिकल्यांएवढी दिसते. (ज्वाळांची चित्रं चिकटवणाऱ्यांशी माझं जमत नाही, पण तो वाद पुन्हा कधी.)

शेवटी बंपर. त्यावर साच्याची रेघ असते. ती घासली की क्रोम जातं, आणि उरलेलं ब्लीचमध्ये बुडवून काढून नव्यानं चकाकी आणणं हे वेगळंच काम होऊन बसतं. पुष्कळ जण इथे बंपरच काढून टाकतात. त्यालाही कस्टमच म्हणतात.