भूत रोज येतं, पण गोष्ट पुढे जात नाही

'बायकांना मालिकांचं व्यसन लागलंय' हे वाक्य आपल्या बैठकांतून इतक्या वेळा ऐकू येतं की ते इतिवृत्तात आधीच छापून ठेवायला हरकत नाही. शिबिराला उशिरा आल्या, कारण मालिका. सभेतून लवकर उठल्या, कारण मालिका. पण याच बायका मालिकेवर चिडतात, तेव्हा नेमकं काय म्हणतात, हे आपण कधी लिहून घेतलंय का? गोवंडीत बैंगनवाडी-शिवाजीनगरच्या गल्ल्यांतून काम करताना ते माझ्या कानावर सतत पडतं. मला वाटतं, त्या चिडण्यात आपल्या कामाचं बरंच काही आहे.

एकच उदाहरण घेते. 'रात्रीस खेळ चाले'. फेब्रुवारी 2016 मध्ये झी मराठीवर ही मालिका सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू, त्यासाठी जमलेलं कुटुंब, आणि मग वाड्यात घडणाऱ्या भलभलत्या गोष्टी. अंधश्रद्धेला खतपाणी घातलं जातंय हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला, आणि तो गैर नव्हता. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. पण आमच्या वस्तीत ती का पाहिली गेली, याचं कारण निराळं आहे. त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस देवनारच्या डम्पिंगला मोठी आग लागली होती. मार्चमध्ये पुन्हा लागली. धूर गल्लीत बसायचा, दारं-खिडक्या लावून माणसं घरात कोंडलेली. रात्री साडेदहा म्हणजे स्वयंपाक, भांडी, पाणी, मुलं, सासू सगळं आटपून बाईच्या हाती उरलेला पहिला मोकळा अर्धा तास. हातात जरीचं काम किंवा सोलायला आणलेला लसूण असायचाच, पण डोळे मोकळे असायचे. मालवणी बोली सगळ्यांना कळायची असं नाही. मराठवाड्यातून आलेल्या, उत्तर प्रदेशातून आलेल्या बायकाही एका टीव्हीसमोर बसायच्या, आणि कळलं नाही तर शेजारीण सांगायची.

2019 साली दुसरा भाग आला. हा पहिल्याच्या आधीची गोष्ट सांगणारा. अण्णा अजून जिवंत आहेत, गावावर दरारा आहे, घरात माई म्हणजे इंदू आहे, आणि बाहेर शेवंता. माझ्या मते मालिकेला जे काही सांगायचं होतं, ते याच भागात होतं. पहिल्या भागात भूत आधी आलं होतं. आता ते कशानं तयार झालं ते कळणार होतं. जमीन, पैसा आणि पुरुषपण यांच्या जोरावर एक माणूस दोन बायकांची आयुष्यं कशी खातो, हे दिवसाउजेडी दिसणार होतं. बायका त्या काळात भुताबद्दल बोलतच नव्हत्या. माई गप्प का राहते, यावर बोलत होत्या. शेवंताला काय हवं होतं, यावर भांडत होत्या. 'तिला नुसता माणूस नको होता, नाव पाहिजे होतं' असं एकीनं म्हटलं, तेव्हा दुसरी तिच्या अंगावर धावून गेली, कारण त्या दुसरीच्या नवऱ्यानं मानखुर्दला दुसरं घर केलेलं होतं. त्या दुपारी बचतगटाचा हिशेब राहिला बाजूला. दोन तास जे बोलणं झालं, ते आम्ही तक्त्यांवर चित्रं काढून घेतलेल्या एकाही सत्रात झालं नव्हतं.

मैत्रिणींनो, हा प्रश्न कोर्टातही असाच अडलेला आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानं 'विवाहासारखे संबंध' हा शब्दप्रयोग आणला, तेव्हा लग्नाचा शिक्का नसलेल्या बाईला प्रथमच दार किलकिलं झालं. ऑक्टोबर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात त्याचा अर्थ लावताना, पुरुषानं पैसे देऊन ठेवलेल्या बाईसाठी 'कीप' हा शब्द वापरला आणि तिला त्यातून वगळलं. इंदिरा जयसिंग तेव्हा अतिरिक्त सॉलिसिटर जनरल होत्या. त्यांनी भर न्यायालयात या शब्दाला हरकत घेतली. शेवंता वस्तीत बसून पाहणाऱ्या बायकांना हा निकाल माहीत नव्हता, पण हरकत तीच होती. 'ठेवली' म्हणतात, ती काय भांडं आहे ठेवायला? आणि पहिलीचं काय? नवऱ्यानं दुसरं लग्न रीतसर लावलं तर गुन्हा होतो, पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम 494 होतं, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 82. पण त्यानं लग्न न लावता नुसतं दुसरं घर केलं, तर या कलमाचा माईला काही उपयोग नाही. अण्णासारख्यांना हे वकिलाशिवाय कळतं.

मालिका इथपर्यंत आली होती. आता पुढचं पाऊल म्हणजे हिशेब. कुणीतरी कुणालातरी जाब विचारायला हवा होता. मार्च 2020 च्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबलं, पुन्हा सुरू झालं, ऑगस्टमध्ये दुसरा भाग संपला, आणि मार्च 2021 मध्ये तिसरा आला. तो सुरू होतो न होतो तोच निर्बंधांमुळे परत थांबला आणि ऑगस्टच्या सुमारास पुन्हा उभा राहिला. मधेच शेवंताचं काम करणारी अभिनेत्री बदलली. करोनाचा दोष मी मालिकेवर टाकणार नाही. पण कथेचं जे झालं, ते करोनानं केलेलं नव्हतं. तिसऱ्या भागात अण्णाही भूत, शेवंताही भूत. जिनं जाब विचारायचा, तीच दार करकरवायला लागली. आणि ज्याला जाब विचारायचा, तो तोपर्यंत महाराष्ट्राचा लाडका झाला होता. अण्णा नाईकांवरचे विनोद मोबाईलवर फिरत होते, शेवंतावरचे तर विचारूच नका. खुनी, लंपट जमीनदाराला एवढी माया मिळाल्यावर त्याचा हिशेब कोण काढणार? जानेवारी 2022 मध्ये तिसरा भाग आटोपला. आमच्या गल्लीत तो संपला हेही अनेकींना नंतर कळलं.

'ताई, भूत रोज येतंय, पण त्याचं काम काय हाय?' डम्पिंगवर कचरा वेचणाऱ्या एका मावशींचा हा प्रश्न. मला यापेक्षा नेमकी समीक्षा कुठं वाचायला मिळाली नाही. भुतानं यायला माझी हरकत नाही. आपल्याकडे बायकांच्या अंगात येतं, त्यात कितीदा तरी तोंडानं बोलता न आलेलं बोलून घेतलेलं असतं. सासूला एरवी 'अहो' म्हणणारी सून झाडाखाली केस सोडून 'तू मला उपाशी ठेवलंस' असं म्हणते. म्हणजे तिथं भुताला काम असतं. मालिकेतल्या भुताला फक्त आजचा भाग उद्यावर ढकलायचा होता.

हे असं का होतं, याचं कारण बाजारात आहे. रोजच्या मालिकेचे आठवड्याला पाच-सहा भाग लागतात. देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत बसवलेल्या यंत्रांवरून आकडे निघतात, ते दर गुरुवारी येतात, आणि गोष्ट कुठं वळवायची ते त्यावर ठरतं. जे चाललं ते ताणायचं. शेवट म्हणजे जाहिरातीची बांधलेली वेळ सोडणं, म्हणून शेवट कुणालाच नको असतो. 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, तीन हजारांहून जास्त भाग. 'होणार सून मी ह्या घरची'तल्या जान्हवीचं बाळंतपण तर सगळ्या महाराष्ट्रानं विनोदाला घेतलं. (आमच्याकडच्या एका झरीवालीनं तेवढ्या काळात स्वतःचं बाळंतपण उरकून दीड महिन्यात पुन्हा सुई धरली होती, आणि जान्हवीला हसण्यात तीच सर्वांत पुढे होती.) हे दुखणं फक्त आपलं नाही. जॉर्ज मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या ज्या कादंबरीमालेवरून 'गेम ऑफ थ्रोन्स' झालं, तिचा पाचवा खंड 2011 साली आला, आणि सहाव्यासाठी जगभरचे वाचक अजून खोळंबलेले आहेत. पण तिथला वाचक चिडला, तर त्याला चोखंदळ म्हणतात. आमची बाई चिडली, तर 'मग बघता कशाला?' असं विचारतात.

न संपणाऱ्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत, असं कुणी म्हणेल. विक्रम आणि वेताळ पाहा. पण संस्कृतातल्या मूळ वेताळाच्या गोष्टी पंचवीसच आहेत. शेवटच्या प्रश्नाला राजाकडे उत्तर नसतं, तो गप्प राहतो, आणि मग वेताळ त्याला त्या कपटी योग्याचा डाव सांगून टाकतो. गोष्ट मुक्कामाला पोचते. 'चांदोबा' मासिकानं मात्र त्याला वर्षानुवर्षं झाडावर परत पाठवलं, कारण मासिक दर महिन्याला निघायचं. तरी तिथं प्रत्येक गोष्ट त्या अंकापुरती पुरी व्हायची, हे सोडू नये. आणि आपल्या श्रावणातल्या कहाण्या? त्यांतल्या धर्मकल्पनांशी आपलं भांडण आहेच. पण बांधणी बघा. राणी वनवासात जाते, हाल होतात, कुणीतरी वचन मोडतं, त्याचं फळ मिळतं, आणि कहाणी सुफळ संपूर्ण. सांगणारीला उठून चूल पेटवायची असायची. ऐकणारीचा वेळ फुकट नाही, हे सांगणारीला माहीत होतं, कारण तीही बाईच होती.

याच्या उलट बोलणारीही एक आहे, आणि तिचं मला नीट खोडून काढता आलेलं नाही. नवरा गेलेला, मुलगा भिवंडीला, रात्री एकटीच मणी ओवत बसते. ती म्हणाली, 'बाजी, कहानी आगे बढ़े ना बढ़े, रोज़ आवाज़ तो आती है घर में.' तिला शेवट नको आहे. संपली की पुन्हा एकटीच. तिच्याकडून मालिका काढून घ्यायचा अधिकार मला नाही, आणि तिच्या एकटेपणावर वाहिनीनं दुकान थाटावं हेही मला मान्य नाही. आमच्या केंद्रात संध्याकाळी आठनंतर कुणी नसतं, हेही इथं नोंदवायला हवं.

बाकीच्यांच्या तक्रारीचं काय करायचं? 2011 पासून वाहिन्यांची स्वतःची तक्रार परिषद आहे. अश्लीलता, हिंसा, अंधश्रद्धा यांबद्दल तिथं लिहिता येतं. पण 'तुम्ही तीन वर्षं एका बाईचा प्रश्न उभा केलात आणि उत्तर न देता पळालात' ही तक्रार तिथल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तरी ती लिहावी, वाहिनीला थेट लिहावी, आणि आपल्या गटांनी मिळून लिहावी असं माझं मत आहे. मालिका सुरू होतानाच ती किती भागांची आहे हे जाहीर करा, एवढी साधी मागणी आहे. दुधाच्या पिशवीवरही तारीख असते. दुसरं, आपल्या बैठकीत मालिकेला अर्धा तास द्यावा. 'मुलगी झाली हो' हे पथनाट्य 1983 पासून गावोगाव गेलं, ते संपल्यावर लोक बोलायचे, म्हणून त्याचं मोल होतं. इथं तर बायका आधीच बोलताहेत. आपण फक्त खुर्ची ओढून बसायचं आहे.

आम्ही एका शनिवारी बसलो. मालिकेचा शेवट तुम्हीच सांगा, म्हटलं. एकीनं माईला वाड्याच्या सातबाऱ्यावर नाव लावून दिलं. दुसरीनं अण्णाला मारलंच नाही, लकवा करून माईच्या हाताखाली ठेवलं, आणि सगळ्या टाळ्या पिटून हसल्या. तिसरी म्हणाली, शेवंता आणि माई एकत्र राहतील, अण्णाला बाहेर काढतील. यावर जो गोंधळ झाला! ज्यांच्या घरात सवत आहे त्या एका बाजूला, ज्या स्वतः सवत म्हणून आल्या त्या दुसऱ्या बाजूला, आणि मधे सातबारा कुणाच्या नावावर हा वाद. साडेसातला कार्यालयाची किल्ली द्यायची होती, म्हणून उठावं लागलं. पुढच्या शनिवारी सातबारा कसा वाचायचा ते शिकवा, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे.