मोठी सभा आणि आपली सभा



मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास असतो : नॉर्वेच्या संसदेचे नाव काय? मुले घडाघडा सांगतात, ‘स्टोर्टिंग’. पण अर्थ विचारला, की गप्प!

तिकडच्या भाषेत ‘स्टोर’ म्हणजे मोठी आणि ‘टिंग’ म्हणजे सभा. १८१४ साली नॉर्वेची राज्यघटना झाली, तेव्हा संसदेला हे नाव मिळाले. ‘टिंग’ हा शब्द मात्र फार जुना. हजार वर्षांपूर्वी तिथले शेतकरी उघड्यावर जमत, तंटे मिटवत, कायदे ठरवत. त्या बैठकीचे नाव टिंग. शेजारच्या डेन्मार्कची संसद ‘फोल्केटिंग’, म्हणजे सरळ मराठीत लोकसभाच!

आपल्याकडेही शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा पडला, की गोतसभा बसे. तिच्या निवाड्याच्या कागदाला महजर म्हणत. लिहिता न येणारा कुणबी त्यावर सही म्हणून नांगराची निशाणी करी. अर्थात, त्या बैठकीत सगळ्यांना सारखा मान नव्हता.

पुढे आपल्या मराठवाड्यावर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. दिल्लीच्या त्या सभागृहाला ‘लोकसभा’ हे नाव १४ मे १९५४ रोजी मिळाले. त्या वेळी अध्यक्षपदी गणेश वासुदेव मावळंकर हे मराठी गृहस्थ होते.

आता आपल्या गावाकडे या. लोकसभेत आपला खासदार बसतो. ग्रामसभेत मात्र आपण स्वतः बसतो. गावाच्या मतदार यादीत नाव असले, की तुम्ही सभासद. सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे तिथे कुणी विचारत नाही. म्हणजे घरची लक्ष्मीही सभासद आणि सालगडीही.

गणसंख्येसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत, तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला मग गणसंख्येचे बंधन नसते. चार डोकी ठरवतात आणि पाणंद रस्ता, पाण्याची टाकी, घरकुलाची यादी यांवर आपण वर्षभर पारावर कुरकुरत बसतो!

तेव्हा पुढच्या ग्रामसभेची दवंडी ऐकलीत, की औत तासभर सोडा. घरच्या बाईलाही सोबत न्या आणि तिलाही बोलू द्या. माणसे बसली, तरच ती सभा; नाही तर नुसते नाव.