प्रश्न विचारणाऱ्यांचेही उत्तरदायित्व

१८६९ साली सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर हे दोन तरुण लंडनमध्ये आय.सी.एस. परीक्षेत उत्तीर्ण झाले. मात्र त्यांच्या वयाच्या नोंदीत विसंगती आहे, असे कारण काढून त्यांना सेवेबाहेर ठेवण्यात आले. हिंदू परंपरेत वय गर्भधारणेपासून मोजण्याची पद्धत आहे, हे साधे स्पष्टीकरणही साहेबाला मानवले नाही. हे तरुण गप्प बसले नाहीत. सुरेंद्रनाथांनी न्यायालयात दाद मागितली आणि अखेर दोघांनाही सेवेत घ्यावे लागले. परक्या सत्तेच्या निवड मंडळाला जाब विचारण्याचे धैर्य ज्या समाजाने तेव्हा दाखवले, त्याच समाजातील तरुण आज स्वराज्यातील निवड मंडळापुढे मान खाली घालून का बसतो?

शासकीय नोकरीच्या मुलाखतींविषयी ज्या तक्रारी कानावर येतात, त्या बहुधा सारख्याच असतात. आडनावावरून जातीचा अंदाज घेणारे प्रश्न, वडिलांच्या मिळकतीची चौकशी, मराठी माध्यमाविषयी तुच्छतेचा सूर, आणि मुलींच्या बाबतीत तर 'लग्नानंतर नोकरी करणार का?' हा ठरलेला प्रश्न. उमेदवार बाहेर येतो, घरी दोन दिवस धुसफुसतो आणि 'आपलेच नशीब' म्हणून विषय संपवतो. आई-वडीलही 'उगाच वाकडे नको' असा सल्ला देतात. या मौनामुळेच अन्यायाला मुळे फुटतात.

येथे एक विवेक मात्र राखला पाहिजे. अवघड प्रश्न म्हणजे अन्याय्य प्रश्न नव्हे. प्रशासनात जाणाऱ्याची प्रसंगावधानाची, मानसिक तोलाची आणि समाजाविषयीच्या जाणिवेची परीक्षा व्हायलाच हवी. उमेदवाराने स्वतःच अर्जात लिहिलेल्या छंदावर, जिल्ह्यावर वा शिक्षणावर मंडळाने खोलात जाऊन विचारले, तर तक्रारीला जागा नाही. पण ज्या प्रश्नाचा पदाच्या कर्तव्यांशी संबंध नाही आणि ज्याच्या उत्तरातून फक्त उमेदवाराचे कूळ, ऐपत किंवा वैवाहिक स्थिती कळते, तो प्रश्न गुणवत्तेची कसोटी होऊ शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ही सीमारेषा बऱ्याच आधी आखून दिली आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा अजय हासिया खटला १९८१ साली गाजला. तेथे लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जाई आणि प्रश्न आई-वडील व राहण्याचे ठिकाण यांविषयीचे असत, अशी उमेदवारांची तक्रार होती. घटनापीठाने मुलाखतीला इतके वजन देणे मनमानी ठरवले. एवढेच नव्हे, तर मुलाखतीचे ध्वनिमुद्रण होणे इष्ट आहे, असेही सुचवले. पुढे १९८५ साली हरियाणातील अशोककुमार यादव खटल्यात राज्य नागरी सेवेच्या मुलाखतीचा वाटा सर्वसाधारण उमेदवारांसाठी १२.२ टक्क्यांवर आणण्याचा दंडक घालून दिला गेला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या नीरा माथूर खटल्यात तर भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या घोषणापत्रातील, स्त्रियांच्या मासिक पाळीविषयी व गर्भधारणेविषयी विचारणारे रकाने काढून टाकण्यास न्यायालयाने सांगितले.

मग अडचण कोठे आहे? अडचण पुराव्याची आणि वेळेची आहे. निवड समितीच्या निर्णयावर आम्ही अपील ऐकणार नाही, हे न्यायालयाने महाराष्ट्रातीलच दलपत आबासाहेब सोळंके खटल्यात स्पष्ट केले. मुलाखतीला निमूटपणे सामोरे जाऊन, निकाल विरुद्ध लागल्यावर मग प्रक्रियेला दोष देता येत नाही, असे १९९५ च्या मदनलाल खटल्यात सांगितले गेले. म्हणूनच तक्रार निकालाची वाट पाहत बसता कामा नये. मुलाखत झाली त्याच दिवशी विचारलेले प्रश्न, दिलेली उत्तरे, वेळ आणि मंडळाचा क्रमांक लिहून काढावा. निकालापूर्वीच संबंधित आयोगाकडे किंवा विभागाकडे संयत भाषेत लेखी आक्षेप नोंदवून पोच घ्यावी. आणि गुण देण्याचे निकष माहितीच्या अधिकारात मागावेत. आरोप नव्हे, तपशील मांडावा. संतापाने लिहिलेले पत्र कचऱ्यात जाते, नोंदींसह लिहिलेल्या पत्राला उत्तर द्यावे लागते.

शासनानेही आपला वाटा उचलला पाहिजे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांच्या मुलाखती बंद केल्या, हे स्वागतार्ह पाऊल होते. पण वरिष्ठ पदांसाठी मुलाखत राहणारच. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २,०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत आणि तेथे एक-दोन गुणांनी सेवा बदलते, आयुष्य बदलते. मुलाखत मंडळातील सदस्यांची नावे उघड करण्याचे बंधन नाही, असा निर्णय २०१२ साली झाला. त्यामागील सुरक्षेचे कारण समजण्यासारखे आहे. नावे गुप्त राहोत. कामाची नोंद मात्र गुप्त राहू नये. प्रत्येक मुलाखतीचे ध्वनिमुद्रण ठराविक काळ जतन व्हावे, निषिद्ध प्रश्नांची सूची सदस्यांच्या हाती दिली जावी आणि आक्षेपांचा निर्णय मंडळाबाहेरच्या व्यक्तीने ठराविक मुदतीत द्यावा, एवढी मागणी अवाजवी नाही. प्रामाणिक सदस्यालाही अशा नोंदीचे संरक्षणच मिळेल.

समरस समाजाची भाषा आपण करतो. त्या समाजाचा कारभार ज्यांच्या हाती जायचा, त्यांची निवडच जात, ऐपत आणि लिंग चाचपून होत असेल, तर समरसता व्यासपीठापुरतीच उरेल. आपापल्या वस्तीतील, शाखेतील, कुटुंबातील स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी असा अनुभव घेऊन परतला, तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्याशेजारी बसून अर्ज लिहा. नम्रपणे, पण ताठ मानेने मागितलेला जाब म्हणजे बेशिस्त नव्हे. ज्याला स्वतःवरील अन्यायाविरुद्ध सनदशीर मार्गाने उभे राहता आले, तोच उद्या अधिकाराच्या खुर्चीतून दुसऱ्यावरील अन्याय दूर करू शकेल.