सल्लागारांचा कारभार आणि लोकांची वीज

वीज हा नफ्याचा धंदा आहे की सार्वजनिक सेवा, हा प्रश्न 1948 च्या वीजपुरवठा कायद्याने निकालात काढला, असा समज या देशात दीर्घकाळ होता. त्याच कायद्यान्वये 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. मालवणच्या किनाऱ्यावरील देवबाग, आचरा, मसुरे यांसारख्या गावांत विजेचा दिवा लागला तो कोणा खासगी कंपनीला तेथे किफायत दिसली म्हणून नव्हे. विखुरलेल्या वाड्या, एकेका घरासाठी लागणाऱ्या लांबच लांब तारा आणि अत्यल्प खप असा हा प्रदेश. हिशेबाच्या वहीत तो नेहमी तोट्यातच दिसणार. तरीही तेथे वीज गेली, कारण ती नेणे हे राज्याचे कर्तव्य मानले गेले.

तो निकालात निघालेला प्रश्न आज पुन्हा उकरला गेला आहे. मात्र तो जाहीर सभेत किंवा विधिमंडळात उघडपणे विचारला जात नाही. व्यवस्थापन सल्लागारांच्या अहवालांतून, निविदांच्या मसुद्यांतून आणि पुनर्रचनेच्या आराखड्यांतून त्याचे उत्तर आधीच लिहून तयार होते. विधिमंडळासमोर ते येते तेव्हा त्याला ‘तांत्रिक बाब’ असे नाव मिळालेले असते.

हा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. 1998 साली वीज नियामक आयोगांचा कायदा झाला, 2003 साली नवा विद्युत कायदा आला आणि 6 जून 2005 रोजी मंडळाचे विभाजन होऊन सूत्रधारी कंपनीखाली महानिर्मिती, महापारेषण व महावितरण अशा तीन कंपन्या उभ्या राहिल्या. मालमत्तेचे मूल्यांकन, दररचना, कर्मचाऱ्यांची संख्या, वितरणाच्या ठेक्याचे मसुदे यांसाठी बाहेरच्या सल्ल्याची गरज प्रत्येक टप्प्यावर निर्माण झाली, किंवा ती आहे असे ठरवले गेले. सल्ला घेणे हा गुन्हा नव्हे, आणि सल्लागार व्यक्तिशः अप्रामाणिक असतात असेही नाही. दोष त्यांच्या स्थानात आहे. सल्ला देणारा त्याच्या परिणामांना बांधलेला नसतो. अहवाल सादर झाला, शुल्क पदरात पडले की त्याचा संबंध संपतो. परिणाम भोगायचे ते वीजग्राहकाने, कामगाराने आणि सरकारी तिजोरीने.

याचा सर्वांत बोलका दाखला ओडिशाचा आहे. जागतिक बँकेच्या प्रेरणेने 1995–96 मध्ये त्या राज्याने वीज मंडळ मोडले आणि 1999 साली वितरण खासगी कंपन्यांच्या हवाली केले. त्याच वर्षी महाचक्रीवादळाने किनारा उद्ध्वस्त केला. मध्य विभागाचे वितरण घेतलेली अमेरिकन कंपनी 2001 साली कारभार सोडून निघून गेली. उरलेल्या तीन विभागांचे परवानेही 2015 साली रद्द करावे लागले. या साऱ्या प्रयोगाची छाननी करणाऱ्या कानुनगो समितीने 2001 साली दाखवून दिले की, केवळ सल्लागारांवर 306 कोटी रुपये खर्च झाले होते. वादळाने मोडलेल्या तारा जोडण्यासाठी ज्या गरीब राज्याला पैसा अपुरा पडत होता, त्या राज्याचा हा खर्च होता.

कोकणाला असा धडा शिकायला ओडिशापर्यंत जाण्याचे कारण नाही. गुहागर तालुक्यातील एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प अजून कोणी विसरलेले नाही. जून 1992 मध्ये करारपत्रावर सह्या झाल्या. हा प्रकल्प परवडणारा नाही, असे खुद्द जागतिक बँकेनेच 1993 साली कळवले होते. तरीही डिसेंबर 1993 मध्ये वीज मंडळाच्या गळ्यात वीजखरेदी करार बांधला गेला. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि मे 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने राज्यकर्ते, नोकरशाही आणि वित्तसंस्था या सर्वांच्या बेपर्वाईवर बोट ठेवले. डिसेंबर 2001 मध्ये एन्रॉन दिवाळखोर झाली. व्यवस्थापनशास्त्राचा आदर्श म्हणून ही कंपनी जगभर मिरवली जात होती. तिचा प्रमुख जेफ्री स्किलिंग मॅकिन्सी या नामांकित सल्लागार संस्थेतूनच तेथे आला होता, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दक्षिण आफ्रिकेत तर सार्वजनिक वीज कंपनी एस्कॉमचा कारभार सुधारण्यासाठी नेमलेल्या याच मॅकिन्सीला 2018 साली सुमारे 90 कोटी रँड शुल्क परत करावे लागले. लाचखोरीच्या प्रकरणात 2024 साली तिच्या आफ्रिकेतील शाखेने अमेरिकेच्या न्याय खात्याशी बारा कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तडजोड केली. दरम्यान त्या देशातील जनता वर्षानुवर्षे भारनियमनाच्या अंधारात राहिली.

सिंधुदुर्गाचा स्वतःचा अनुभवही याच जातीचा आहे. 2006 साली देवगड तालुक्यातील गिर्ये येथे 4,000 मेगावॉटचा कोळशावर चालणारा महाकाय प्रकल्प योजण्यात आला. पॉवर फायनान्स कॉर्पोरेशनने त्यासाठी कागदावर एक कंपनीही स्थापन केली. नकाशावर समुद्र, बंदर आणि मोकळा सडा दिसला. त्या सड्याच्या कडेने उभ्या असलेल्या हापूसच्या बागा आणि खाडीवर पोट असलेला मच्छीमार मात्र त्या नकाशात नव्हता. बागायतदार उठले तेव्हा गिर्ये मागे पडून मुणगे पुढे आले. तेथेही विरोध झाला आणि प्रकल्प उभा राहिला नाही. गावकऱ्यांना प्रथम विचारले असते, तर पुढचा सारा खटाटोप वाचला असता.

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत सरकले. मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांत शेकडो खांब कोसळले, तारा माडांखाली गाडल्या गेल्या आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. नळाला पाणी नाही, बर्फाचे कारखाने बंद, मोबाइलचे मनोरे मुके. त्या दिवसांत वीज परत आणली ती वायरमनांनी आणि त्यांच्या मदतीला घाटावरून आलेल्या पथकांनी. भर पावसात खांद्यावरून खांब वाहून नेण्यात ग्रामस्थही होते. कोणता खांब खाऱ्या वाऱ्याने बुंध्यात गंजला आहे, कोणत्या वाडीची डीपी पहिल्याच पावसात उडते, कोणत्या वळणावर माडाची झावळी तारेला टेकते, हे ज्ञान कुडाळच्या मंडल कार्यालयातील फायलीतही पुरतेपणी नसते. मुंबईत तयार होणाऱ्या अहवालात तर ते असण्याची शक्यताच नाही. ते वायरमनच्या डोक्यात असते. हा वायरमन पुष्कळदा कंत्राटी असतो. पगाराची शाश्वती नाही, अपघात झाला तर जबाबदारी ठेकेदाराची की कंपनीची याचाच वाद. मनुष्यबळाच्या आराखड्यात तो ‘खर्च’ या सदराखाली येतो. संस्थेचे सर्वांत मोलाचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्यालाच कमी करण्याच्या योजनेस सुधारणा म्हणणे, ही भाषेची विटंबना आहे.

आता ‘स्मार्ट’ मीटरांचे पाहा. केंद्राच्या 2021 च्या वितरण सुधारणा योजनेखाली महावितरणने 2023 साली सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. त्यांपैकी भांडुप, कल्याण व कोकण या परिमंडलांतील सुमारे 63 लाख 44 हजार मीटरांचे काम अदानी समूहाकडे गेले, रक्कम सुमारे 7,594 कोटी रुपये. म्हणजे दर मीटरमागे जवळपास बारा हजार. केंद्राचे अनुदान मीटरमागे फार तर नऊशे रुपयांचे. उरलेले पैसे ग्राहकाकडून थेट घेतले जाणार नाहीत असे सांगण्यात येते. परंतु महावितरणपाशी वीजबिलाखेरीज उत्पन्नाची दुसरी मोठी वाट कोणती? आज ना उद्या हा बोजा दरातच उतरणार. 2024 साली लोकक्षोभ वाढला तेव्हा सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. मालवणच्या किनाऱ्यावरील ग्राहकाची पहिली तक्रार मीटर जुना असल्याची नव्हती. वीज वारंवार जाते, खांब गंजले आहेत, ही त्याची तक्रार होती. रोग एक आणि औषध दुसरे असे होते, कारण निदान करताना रोग्याला विचारलेच गेले नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि त्याला उत्तर देणे भाग आहे. जुने वीज मंडळ काय आदर्श होते? नव्हतेच. गळती व चोरी शेतीपंपांच्या नावाखाली दडवली जात होती. पंधरा-अठरा टक्के म्हणून सांगितली जाणारी हानी प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या घरात होती. राजकीय हस्तक्षेप होता, भ्रष्टाचारही होता. 2007 पासून खासगी ठेकेदाराकडे असलेल्या भिवंडीत गळती पुष्कळ घटली, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच धर्तीवर 2011 साली औरंगाबाद, जळगाव व नागपूर येथे दिलेले ठेके मुदतीआधीच संपुष्टात आले आणि तिन्ही ठिकाणचा कारभार महावितरणलाच परत घ्यावा लागला. तेव्हा खासगीकरण हा रामबाण उपाय नव्हे. आणि शेतीपंपांआड लपलेली गळती उघडी पडली ती नियामक आयोगासमोरील जाहीर सुनावण्यांत, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी व जागरूक ग्राहकांनी आकडे तपासले म्हणून. सार्वजनिक संस्थेचा रोग अधिक लोकशाहीने बरा होतो, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

सार्वजनिक क्षेत्राला व्यवस्थापन जमत नाही, हा सिद्धान्त कोकणात तरी कोणी मांडू नये. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेवर पाठवणाऱ्या या प्रदेशाने कोकण रेल्वे पाहिली आहे. 1990 साली दंडवते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना सार्वजनिक महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांनी सह्याद्रीच्या कुशीत बोगदे खोदले, खाड्यांवर पूल बांधले आणि 1998 साली संपूर्ण मार्ग खुला झाला. त्या कामातही तज्ज्ञांचा सल्ला लागला असेलच. पण निर्णय महामंडळाचा होता, आणि चुकल्यास जाब त्यालाच द्यावा लागणार होता. वीज कंपन्यांत नेमकी हीच जबाबदारी आज नाहीशी होत आहे. निर्णय मंत्र्याचा, शिफारस सल्लागाराची, अंमल ठेकेदाराचा. जाब कोणाला विचारावा, हे ग्राहकाला कळत नाही.

जानेवारी 2023 मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी समांतर वितरण परवान्याच्या विरोधात संप पुकारला. पहिल्याच दिवशी वाटाघाटी होऊन, खासगीकरण करणार नाही, असे आश्वासन सरकारने दिले. आश्वासनावर विसंबून स्वस्थ बसणे मात्र धोक्याचे आहे, कारण खासगीकरण आता त्या नावाने येत नाही. ते मीटरच्या कंत्राटातून आणि ‘प्रकल्प व्यवस्थापन’ संस्थेच्या नेमणुकीतून तुकड्यातुकड्याने येते. सौरऊर्जेचे पर्व सुरू झाल्याने हा धोका वाढला आहे. ज्यांना पक्के छप्पर आहे व हाती पैसा आहे ते स्वतःची वीज करतील. जाळे सांभाळण्याचा वाढता खर्च कौलारू घरातल्या मच्छीमारावर आणि काजूच्या कारखान्यात राबणाऱ्या बाईवर पडेल. ऊर्जेतील परिवर्तनाचा भार कोणी उचलायचा, हा राजकीय प्रश्न आहे. तो सल्लागाराच्या हाती सोपवता येणार नाही.

यास्तव पक्षाच्या कार्यकर्त्यांनी काही मागण्या गावोगाव नेल्या पाहिजेत. तिन्ही वीज कंपन्यांनी सल्लागारांना दिलेले शुल्क आणि त्यांचे अहवाल मराठीतून प्रसिद्ध करावेत. तोवर माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याचा वापर करून ते मिळवावेत. मोठ्या कंत्राटापूर्वी परिमंडलाच्या पातळीवर जाहीर सुनावणी घ्यावी. कायमस्वरूपी कामावरील कंत्राटी वायरमनांना सेवेत सामावून घ्यावे, आणि किनारपट्टीवरील जाळ्याच्या दुरुस्तीचा आराखडा त्यांना व ग्रामसभांना बरोबर घेऊन करावा. कंपन्यांच्या संचालक मंडळांवर कामगार व ग्राहक यांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत.

पुढचे वादळ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण ते येणार हे निश्चित आहे. तेव्हा खांबावर चढण्यासाठी माणूस लागेल, आणि तो पुरेसा असेल की नाही, याचा निर्णय आज कागदावर होत आहे. तो कागद मागून घेऊन वाचण्याचे काम कार्यकर्त्यांनी आताच हाती घेतले पाहिजे.