घर जळगावात, दाद मात्र संभाजीनगरला

परवा पिंप्राळ्यात एका ओळखीच्या घरी गेलो, तर फाटकावर बँकेची ताबा नोटीस डकवलेली. काका म्हणाले, "भाऊ, उद्याच कोर्टातून स्टे आणतो." त्यांना कसं सांगायचं, की सरफेसी कायद्याच्या कलम 34 मुळे जळगावचं दिवाणी कोर्ट यात सहसा हातच घालू शकत नाही?

2002 चा हा कायदा बँकेला कोर्टात न जाता घर विकायची मुभा देतो. आधी 60 दिवसांची नोटीस. त्यावर तुम्ही लेखी हरकत घेतली, तर 15 दिवसांत कारणासह उत्तर देणं बँकेवर बंधनकारक. काकांनी हरकत घेतलीच नाही. नोटीस इंग्रजीत होती, कपाटात ठेवून दिली! ताबा घेतल्यावर 45 दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचं. ते ना जळगावात ना धुळ्यात. छत्रपती संभाजीनगर गाठा, वकील तिकडचाच शोधा, आणि प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडवा.

पूर्वी तर दाद मागण्याआधी 75 टक्के रक्कम भरा, अशी अट होती. मार्डिया केमिकल्स खटल्यात 2004 साली सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. पण डीआरटीत हरलात तर वरच्या अपिलाला आजही 50 टक्के, फार तर सवलत मिळून 25 टक्के भरावेच लागतात. आणि सहकारी बँकेचं कर्ज आहे म्हणून निवांत राहू नका. कोल्हापूरकडच्या मुरगूड सहकारी बँकेच्या खटल्यात 2020 मध्ये घटनापीठाने सांगून टाकलंय, हा कायदा त्यांनाही लागू.

बँकांनी वसुली करू नये असं मी म्हणत नाही. ठेवी बुडाल्या की काय होतं हे जळगावकरांना कुणी शिकवायला नको. पण घर विकण्याचा अधिकार दारापर्यंत येतो, तर न्यायाधिकरण महिन्यातून दोन दिवस इथे का बसू शकत नाही? आणि नोटीस मराठीत का नाही? खासदार-आमदारांनी एवढं तरी दिल्लीत मांडावं.

तोवर कुणाच्या घरी असा लिफाफा आला असेल, तर तो मिळाल्याची तारीख आजच त्यावर पेनाने लिहून ठेवा. काकांचे 45 पैकी 31 दिवस गेलेत. सोमवारी पहाटेच्या एसटीने आम्ही निघतोय.