फिरत्या घराची बॅटरी

कलाशाखेच्या वार्षिकात बॅटरीवर लेख, हे पाहून काही मित्र हसतील. हसोत बापडे! अण्णांचे महामार्गालगत बॅटरी-दुरुस्तीचे दुकान आहे आणि माझी फी त्यातूनच भरली जाते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडीतच घर थाटून फिरणारी मंडळी आमच्याकडेही येतात. सर्वांचा पहिला प्रश्न एकच, ‘बॅटरी केवढ्याला?’ माझ्या मते इथेच चूक होते. ‘मला रोज वीज लागते किती?’ हा खरा पहिला प्रश्न.

हिशेब साधा आहे. २० वॅटचा पंखा ८ तास म्हणजे १६० वॅट-तास. १० वॅटचे दिवे ५ तास, ५०. ४५ वॅटचा लहान फ्रीज दिवसातून १२ तास चालला, तर ५४०. एकूण ७५०. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२०० वॅट-तास असतात खरे. पण शिशाची बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली, तर लवकर मरते. म्हणजे हाती ६००च. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी हजारभर देते, वजन निम्म्याहून कमी आणि आयुष्य कितीतरी जास्त. मात्र ती महाग, तिला चार्जर वेगळा आणि शून्य अंशाखालच्या थंडीत ती चार्ज करू नये.

इंजिनची बॅटरी तर वेगळीच हवी. ती सेल्फ मारण्यापुरती. तिच्यावर रात्रभर पंखा चालवणे म्हणजे शर्यतीचा बैल नांगराला जुंपणे!

तात्पर्य, वर्षातून दोन-चार सहली काढणाऱ्याने शिशाची घ्यावी व महिन्याला चार्ज करावी. गाडीतच राहणाऱ्याने लिथियमची घ्यावी.

हे लिहिणे मला सोपे नाही, कारण लिथियमची आम्ही विकत नाही. गेल्या दिवाळीत वर्षभर गाडीत राहू इच्छिणारे एक गृहस्थ आले. अण्णांनी हाच हिशेब मांडून त्यांना दुसरीकडे पाठवले. सणासुदीचे गिऱ्हाईक गेले म्हणून मी चिडलो. अण्णा एवढेच म्हणाले, “खोटा हिशेब मांडायला शाळा लागत नाही.”

आता अण्णांना लिथियमचे काम शिकायचे आहे. माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे. रोज रात्री दुकान बंद झाल्यावर मी ती वाचून मराठीत सांगतो, अण्णा वहीत उतरवून घेतात. कलाशाखेत शिकून काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना तूर्त एवढेच उत्तर.